डी फॉर ज्ञानेश्वर

आर्द्रा नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावर मूल जन्मलं, की पंचांग त्याच्या नावासाठी अक्षर काढून देतं ते ङ. हस्ताच्या तिसऱ्या चरणाला ण येतो आणि उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याला ञ. ही अक्षरं मराठी माणसानं शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्याबाहेर एकटी फिरताना पाहिलेली नाहीत. त्यांच्यापासून सुरू होणारं नाव सोडा, साधा शब्दही घरात नसतो. तरी सेनगाव तालुक्यातल्या एखाद्या घरी बाळाचा बाप मोबाइल घेऊन बसतो आणि 'ञ वरून मुलांची नावे' शोधतो. मोबाइलवरचं चक्र बराच वेळ गरगरत राहतं. शेवटी जोशीबुवाच वाट काढतात. "शेजारच्या चरणाचं अक्षर घ्या, देव काही कोर्टात जात नाही." शेजारचं अक्षर झ. मग घरातले सगळे झ च्या मागे लागतात, आणि पहिलं नाव निघतं ते आजोबांच्या तोंडून: झुंबर. त्यांच्या चुलत्याचं तेच होतं.

नव्या बापाला झुंबर नको असतो. त्याला 'युनिक' पाहिजे असतं. युनिक म्हणजे गावात कुणाचं नसलेलं, तीन अक्षरांच्या वर न जाणारं, संस्कृतात अर्थ असलेलं आणि इंग्रजीत लिहिताना सुरुवातीला दोन 'ए' येणारं. अडचण एवढीच, की गावातले सगळे बाप त्याच साइटवरून तेच युनिक नाव उचलतात, आणि सहा वर्षांनी पहिलीच्या वर्गात बाईंनी "आरव" म्हणून हाक मारली की तीन पोरं "हजर" म्हणतात.

अशा वेळी आजोबा विषयच संपवतात. "माउलीचं ठिवा. ज्ञानेश्वर."

वारकऱ्याच्या घरात यावर कुणी बोलत नाही. ज्ञानेश्वर नको म्हणणं म्हणजे दारातल्या तुळशीला नको म्हणणं. बाप मान हलवतो, पण त्याच्या डोक्यात दुसरंच गणित चाललेलं असतं. तो पुण्याला कंपनीत आहे. त्याला ठाऊक आहे, की नाव ठेवायला बारा दिवस लागतात आणि त्याचं स्पेलिंग निस्तरायला जन्म जातो.

नावांच्या बाबतीत हिंगोली जिल्हा तसा सुखवस्तू. हिंगोली तालुक्यातलं नर्सी हे परंपरेनं संत नामदेवांचं जन्मगाव, साल १२७०. नामदेवांच्या घरातली नावं वाचली की हेवा वाटतो. वडील दामाशेट, आई गोणाई, बायको राजाई. चार मुलगे: नारा, विठा, गोंदा, महादा. चार सुना: लाडाई, गोडाई, येसाई, साखराई. एकाही नावात जोडाक्षर नाही. विठ्ठलाचा विठा करताना त्या लोकांनी जोडाक्षरं जणू चपलांसारखी उंबऱ्याबाहेर काढून ठेवली.

नामदेव हे नावही प्रवासाला सोपं. ते पंजाबात गेलं, गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत, तिथं ते 'नामदेउ' झालं. गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा इकडून गेलेल्या माणसाला तिथं हे नाव दोनदा सांगावं लागलं नाही. पण हेच नाव इंग्रजीत शिरलं आणि त्याला दोन शेपट्या फुटल्या. एक व्ही नं संपणारी, दुसरी साहेबाच्या काळापासून चालत आलेली, ई आणि ओ नं संपणारी. बापाच्या टीसीवर ओ, पोराच्या मार्कशीटवर व्ही, आणि दोघांचं नातं सिद्ध करायला मध्ये वकील. विसोबा खेचरांनी औंढ्याच्या देवळात नामदेवांना देव नाही अशी जागाच नाही हे दाखवलं, असं सांगतात. देवाचं स्पेलिंग मात्र गुरुशिष्यांपैकी कुणीच ठरवून ठेवलं नाही.

ज्ञानेश्वराचं प्रकरण याहून बिकट. देवनागरीत चार अक्षरं: ज्ञा, ने, श्व, र. इंग्रजीत अकरा, आणि पहिलंच डी. ज्या नावात कुठं ड नाही, त्याच्या तोंडावर डी कसा, हे पहिलीतल्या पोराला समजावताना गुरुजींचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

खरं तर ज्ञ म्हणजे ज आणि ञ यांची जोडी. (हा तोच उत्तराभाद्रपदेचा ञ. एकट्याला कुणी घरात घेईना, म्हणून ज चा हात धरून आला.) हा जोड मूळ रूपात उच्चारणं रोजच्या बोलण्यात कुठल्याच प्रांताला जमलं नाही, आणि प्रत्येकानं आपापली सोय पाहिली. हिंदीवाले 'ग्य' म्हणाले. गुजराती आणि तेलुगू माणसानं 'ग्न' लिहायला घेतलं. कन्नड माणूस अजून निष्ठेनं जे-एन लिहितो. मराठीनं 'द्न्य' केलं, आणि इंग्रजीत उतरवताना डी-एन-वाय ही त्रिमूर्ती उभी राहिली. अमेरिकन मराठी मिशननं १८४२ साली अहमदनगरला काढलेल्या 'ज्ञानोदय'चं इंग्रजी नाव याच डी-एन-वाय नं सुरू होतं. तेव्हा हे स्पेलिंग काही कालच्या सेतूवाल्याचं पाप नाही.

एकाच देशात या एका अक्षराचे किती हाल व्हावेत? दिल्लीत विज्ञान भवन जी-वाय नं लिहितात. ज्ञानपीठ पुरस्कार इंग्रजीत जे-एन नं छापतात आणि दिल्लीतच तो 'ग्यानपीठ' म्हणून बोलला जातो. वि. स. खांडेकर, कुसुमाग्रज, विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे या चार मराठी लेखकांना तो मिळाला. म्हणजे पुरस्कार लिहिला जे नं, पुकारला ग नं, आणि घरी आणल्यावर त्याचा द झाला. हिंगोलीचा ज्ञानेश्वर हैदराबादला कामाला गेला की 'ग्नानेश्वर' होतो, इंदूरला गेला की 'ग्यानेश्वर', आणि नर्सीच्या एकादशीला परत आला की पुन्हा ज्ञानबा. पगार तिन्हीकडे एकाच नावावर जमा व्हावा, एवढीच त्याची इच्छा असते.

फोनवर नाव सांगणं हा तर स्वतंत्र अध्याय. पलीकडे कॉल सेंटरची मुलगी बसलेली असते, तिला ज्ञ ठाऊक नसतो. इकडून माणूस शेताच्या बांधावर उभा राहून, रेंज सांभाळत सुरू करतो. "डी फॉर दिग्रस. एन फॉर नांदेड. वाय फॉर यवतमाळ. ए फॉर औंढा. परत एन फॉर नर्सी." इथं गाडी अडते, कारण ई वरून त्याला पटकन गाव आठवत नाही. दोन क्षण विचार करून "ई फॉर एलिफंट" म्हणतो आणि पुन्हा आपल्या मुलखात येतो. "एस फॉर सेनगाव, एच फॉर हिंगोली, डब्ल्यू फॉर वाशीम, ए फॉर अकोला, आर फॉर रिसोड." एक नाव सांगेपर्यंत अर्धा मराठवाडा आणि पाऊण विदर्भ फिरून होतो. पलीकडून आवाज येतो, "सर, धनेश्वर?"

याच्या पुढची पायरी परतीच्या प्रवासाची. इंग्रजीत गेलेलं नाव कंप्युटर आपण होऊन मराठीत आणतो. त्याला बिचाऱ्याला डी, एन, वाय एवढंच दिसतं, तो इमानेइतबारे 'द्न्यानेश्वर' छापतो. कुठल्याही यादीत बोट फिरवलं तर असा एखादा द्न्यानेश्वर हमखास सापडतो. नामदेओ सापडतो. आडनावांची तर दैनाच. काळे इंग्रजीत गेले की त्यांच्या ळ ची धार जाते आणि परत येताना ते काले होऊन येतात. मोरे, दाते, पोले, साने, मुळे ही आडनावं तर इंग्रजीत आधीच दुसऱ्या अर्थाचे शब्द आहेत. इंग्रजी वाचणाऱ्याला ती अनुक्रमे अधिक, तारीख, खांब, शहाणा आणि खेचर अशी दिसतात. शेवटच्याला विसोबांचा आशीर्वाद आहे असं समजावं.

या दुःखात मराठी माणूस एकटा नाही. पश्चिमेला, अटलांटिकच्या काठावर, आयरिश नावाची एक भाषा आहे. तिथल्या आईबापांनी मुलीला 'नीव' म्हटलं, तर ते लिहितात एन-आय-ए-एम-एच. आपल्याकडचा इंग्रजी शाळेतला हुशार मुलगा ते 'नियाम्ह' वाचेल. 'टायग' हे मुलाचं नाव टी-ए-डी-एच-जी असं लिहितात. २०२१ साली आयर्लंडमध्ये मुलींसाठी सर्वांत जास्त ठेवलं गेलेलं नाव होतं 'फिआ', आणि त्याच्या मागे डी आणि एच असे दोघे न बोलता उभे असतात, लग्नात नवरीच्या मागे मामा उभा असतो तसे. सर्शा रोनन ही नटी जगभर गाजलेली, तिच्या नावाचा अर्थ स्वातंत्र्य. पण एस-ए-ओ-आय-आर-एस-ई हे वाचायचं कसं, याचीच चर्चा इतकी झाली, की डिसेंबर २०१७ मध्ये 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या अमेरिकी कार्यक्रमात तिनं आपल्या नावाच्या उच्चारावर चक्क गाणं म्हटलं. आणखी एक नाव आहे, एस-आय-ओ-बी-एच-ए-एन. वाचलं तर 'सिओभान', आणि म्हणायचं 'शिवॉन'. औंढा नागनाथाच्या पंचक्रोशीत हे नाव कुणालाही परकं वाटणार नाही.

बाहेरून पाहणाऱ्याला हा वेडेपणा वाटतो, पण त्याला पद्धत आहे. आयरिशच्या जुन्या वर्णमालेत अक्षरं अठराच. त्यांत व्ही नाही. मग व चा आवाज आला की त्यांनी बी किंवा एम च्या डोक्यावर टिंब दिलं. विसाव्या शतकात रोमन ठशांचं छापखान्यात बस्तान बसलं, टिंब गेलं आणि त्याच्या जागी एच आला. म्हणजे नीवच्या शेपटाचा एच हा मूळचा टिंब, बढती मिळालेला. दुसरा नियम तर मराठी माणसाला ऐकल्याबरोबर पटावा असा आहे. एस च्या शेजारी आय किंवा ई आला की त्याचा श होतो. यात नवल काय? आपल्याकडे म्हैस एक असते आणि म्हशी अनेक असतात. पैसा असतो, पण पैशाला किंमत असते. घसा बसतो, पण घशात खवखवतं. हा नियम वसमतच्या बाजारातला हळदीचा अडत्याही रोज पाळतो, फक्त त्याला कुणी तो फळ्यावर लिहून दाखवलेला नाही.

आयरिश आणि मराठी यांची गाठ एकदा फार वरच्या पातळीवर पडली. सिंधुदुर्गातल्या मालवण तालुक्यात वराड नावाचं गाव आहे. मूळच्या तिथल्या घराण्यातल्या डॉक्टरांचा मुलगा लिओ वराडकर २०१७ मध्ये आयर्लंडचा पंतप्रधान झाला, २०२२ च्या डिसेंबरात पुन्हा झाला. आता आयर्लंडमध्ये पंतप्रधानपदाला जो शब्द आहे त्याचं स्पेलिंग टी-ए-ओ-आय-एस-ई-ए-सी-एच, आणि म्हणायचं 'टीशक'च्या आसपास काहीतरी. एकाच ओळीत पद आणि आडनाव लिहिलेलं. जगभरच्या बातमीदारांनी वराडकर बिनचूक म्हटलं आणि टीशकपाशी खोकला काढला. मालवणच्या आडनावानं आयरिश पदाला स्पेलिंगच्या सोपेपणात चारी मुंड्या चीत केलं, ही घटना मराठी अस्मितेच्या हिशेबात कुणी अजून धरलेली दिसत नाही.

आयरिश माणूस आणि आपण यांत एक फरक मात्र आहे, आणि तो आपल्या बाजूनं नाही. नीवची आई म्हणते, आमच्या भाषेत हे असंच लिहितात, तुम्ही शिकून घ्या. ज्ञानेश्वरचा बाप खिडकीपलीकडच्या माणसाला विचारतो, "साहेब, तुमच्यात कसं बसतं?" आणि ज्या खिडकीत जसं बसेल तसं बसवून येतो. फ्रान्समध्ये ब्रिटनी नावाचा प्रांत आहे, तिथली भाषाही याच केल्टिक कुळातली. २०१७ साली तिथल्या एका जोडप्यानं मुलाचं नाव 'फाँश' ठेवलं. त्यात एन च्या डोक्यावर एक लाटेसारखी छोटी रेघ असते. फ्रेंच लिपीत ही रेघ बसत नाही, म्हणून खालच्या कोर्टानं ती नाकारली. आईबाप वरच्या कोर्टात गेले, आणि पुढच्या वर्षी रेनच्या अपील कोर्टानं ती रेघ मुलाला परत दिली. एका रेघेसाठी दोन कोर्टं. गंमत अशी, की संस्कृतचे विद्वान ज्ञानेश्वरातला ञ रोमन लिपीत लिहितात तेव्हा एन च्या डोक्यावर हीच रेघ देतात. आपला ञ फ्रान्समध्ये खटला जिंकून आला आणि हिंगोलीत त्याला अजून कुणी ओळख दाखवत नाही.

आयरिश नावं इतकी लांब, तर त्यांचा इथं काय संबंध, असं वाटू शकतं. संबंध अंगणवाडीत आहे. तिथं हल्ली कियान असतो, कियारा असते. आलिया अडवाणी या मुलीनं पडद्यावर येताना कियारा हे नाव घेतलं. आलिया आधीच एक होती, आणि हे नाव तिला २०१० च्या 'अनजाना अनजानी' सिनेमातल्या नायिकेवरून सुचलं होतं. तिथून ते गावोगावच्या पाळण्यांवर उतरलं. या नावाच्या दोन बहिणी युरोपात आहेत. इटलीतली क्यारा, तिचा अर्थ उजळ. आयर्लंडमधली सी-आय-ए-आर-ए, तिचा अर्थ काळी, सावळी. नावांच्या साइटवर दोन्ही अर्थ एकाखाली एक दिलेले असतात, पाहुणे कोण आलेत ते बघून आजीनं हवा तो सांगावा. कियानचंही तसंच. कुणी त्याला इराणच्या राजघराण्याशी जोडतं, पण आयर्लंडात तो सी नं सुरू होणारा अस्सल देशी गडी आहे आणि त्याचा अर्थ प्राचीन असा होतो. युनिक म्हणून ठेवलेल्या नावाचा अर्थ प्राचीन निघावा, याला काय म्हणावं?

त्यात भर म्हणजे आजीच्या जिभेला कियारातलं मधलं 'या' पेलवत नाही. ती अंगणातून हाक मारते, "ए कीरा, इकडं ये माय." शिकलेली सून आतून दुरुस्त करते, "आई, कीरा नाही, कि-या-रा." आता आयर्लंडमध्ये त्या नावाचा खरा उच्चार 'कीरा' असाच आहे. कळमनुरी तालुक्याबाहेर फारशी न गेलेली बाई डब्लिनच्या बाईसारखं बिनचूक बोलते आणि घरात बोलणी खाते.

स्पेलिंगचं ग्रहण इथं माणसांनाच लागलंय असं नाही, गावंही सुटलेली नाहीत. वसमत घ्या. त्याला मराठीतच वसमत आणि बसमत अशी दोन रूपं. इंग्रजीत कुठं व्ही, कुठं बी, विधानसभा मतदारसंघाच्या यादीत शेवटी टी सोबत एच. तिथल्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते 'वसमत हळद' म्हणून. हळदीचा तंटा मिटला, गावाचा चालूच. कळमनुरीचा ळ इंग्रजीत हरवला हे तर झालंच, पण त्याच्याही आधी तो उर्दूत हरवला होता. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात, दप्तर उर्दूत. उर्दू लिपीला ळ नाही, ण नाही, आणि ऱ्हस्व स्वर लिहायची तिला सवय नाही. गणपत त्या दप्तरात गेला की गनपत होऊन बाहेर यायचा. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती बसली, तेव्हा मराठवाड्याच्या कचेऱ्यांत उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. पणजोबा सापडले की नाही, यापेक्षा सापडलेले पणजोबा आपलेच का, हा प्रश्न अवघड होता. म्हणजे इथल्या घराण्यांना परक्या लिपीतून गाळून निघण्याचा सराव पिढीजात आहे. इंग्रजी ही दुसरी गाळणी.

तरी जुन्या काळी एक सोय होती. नाव गुरुजी ठरवायचे. पोराला शाळेत नेऊन बसवलं, की गुरुजी घरचं नाव विचारायचे, दगडू म्हटलं तर दत्तात्रय लिहायचे, जन्मतारीख १ जून टाकायचे आणि पुढच्या पोराकडे वळायचे. एका फटक्यात नाव, वाढदिवस आणि स्पेलिंग. कुणाची तक्रार नसे, कारण दुसरा कागदच नव्हता.

आता कागद आधी जन्मतो. दवाखान्यात बाळाच्या मनगटाला पट्टी लागते, तिच्यावर आईचं नाव आणि त्याआधी 'बेबी ऑफ'. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. त्यात नावाचा रकाना रिकामा सोडता येतो, वर्षभरात विनाशुल्क भरता येतो, पुढे फी भरून पंधरा वर्षांपर्यंत. १९६९ च्या कायद्यानं ही सवड दिली ती बहुधा आत्यांचे स्वभाव ओळखून. पण १ ऑक्टोबर २०२३ पासून कायदा बदलला, आणि त्यानंतर जन्मलेल्यांना शाळेपासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच दाखवायचा आहे. तेव्हा रकान्यात जे पडलं ते पडलं. आधारवर नाव आयुष्यात दोनदा बदलता येतं. ज्ञ ची रूपं चार. म्हणजे दोन कमीच पडतात.

शिवाय महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावानंतर आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. (त्याच दिवशी हिंगोली जिल्ह्यालाही परभणीतून निघून पंचवीस वर्षं झाली. जिल्ह्याला मात्र आईचं नाव लावावं लागलं नाही.) नियम चांगला आहे, त्याला कुणी हरकत घेऊ नये. फक्त समजा बाळ ज्ञानेश्वर, आई प्रज्ञा आणि बाप कृष्णा. एका ओळीत दोन डी-एन-वाय आणि त्यावर ऋकार. कृष्णाचं तर आणखी वेगळं. सगळा मराठवाडा त्याला 'क्रुष्णा' म्हणतो आणि यू नं लिहितो, दिल्लीचा कंप्युटर आय मागतो. फॉर्मवरचे चौकोन मोजून दिलेले असतात, आणि आडनावाची शेवटची दोन अक्षरं कागदाच्या कडेला जाऊन थांबतात, एसटीच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसांसारखी.

शाळेत गेल्यावर 'अपार' नावाचा ओळख क्रमांक काढायचा असतो, त्यासाठी शाळेच्या रजिस्टरातलं आणि आधारवरचं नाव तंतोतंत जुळावं लागतं. २०२४-२५ मध्ये शिक्षकांनी या कामापायी काय सोसलं ते त्यांनाच विचारावं. वर्गात चाळीस पोरं, आणि गुरुजी गणिताऐवजी एक वाय कुठं गेला ते शोधतायत. शेतकऱ्याला फार्मर आयडी काढायचा तर आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव किती जुळतं, याचा गुणांकच पडद्यावर येतो. लग्नात छत्तीस गुण पाहायचे, इथं माणसाचं स्वतःशीच गुणमेलन. सातबाऱ्यावर ज्ञानोबा, आधारवर ज्ञानेश्वर, बँकेत द्न्यानदेव. गुण जमले नाहीत तर तोडगा एकच, तिन्ही इसम एकच असल्याचं लिहून द्यायचं. आता त्या कागदाला शुद्ध मराठीत काय म्हणतात? प्रतिज्ञापत्र. म्हणजे ज्ञ चा घोळ मिटवायला ज्ञ चाच कागद, आणि तो इंग्रजीत टाइप करताना वकिलाचा कारकून विचारतो, "प्रतिज्ञाचं स्पेलिंग सांगा."

बारशाला यातलं काही दिसत नाही. पाळण्याला झेंडूच्या माळा असतात, परातीत घुगऱ्या असतात, आत्या वाकून बाळाच्या कानात नाव सांगते आणि बाकीच्या बाया तिच्या पाठीत धपाधप मारतात. कानाला स्पेलिंग लागत नाही. आजोबांचं ज्ञानेश्वर ठरलेलं असतं. बापानं जाता जाता ते 'ज्ञानेश' करून तीन अक्षरांत बसवलेलं असतं, म्हणजे त्याचंही युनिक राहिलं. आणि दुसऱ्या दिवसापासून घरातली सगळी माणसं त्याला 'सोन्या' म्हणायला लागतात.

मग एका सोमवारी बाप, आजोबा आणि दुपट्यातला सोन्या तहसीलसमोरच्या सेवा केंद्रात रांग लावतात. लाइट असते, सर्व्हर नसतो. सर्व्हर येतो तेव्हा ऑपरेटर जेवायला गेलेला असतो. तो येऊन बसतो, दाखला उलटसुलट करून पाहतो आणि विचारतो, "ज्ञानेश. डी टाकू का जी टाकू?"

बाप आजोबांकडे पाहतो. आजोबांनी आपल्या हयातीत जे, जी आणि डी तिन्ही वापरलेले आहेत. ते म्हणतात, "टाक बाबा, पयलं कोन्तं बी टाक. पन आमच्या तिघांचं सारखं टाक."

ऑपरेटर डी दाबतो. शेजारच्या चौकोनात कंप्युटर आपण होऊन मराठी उमटवतो: द्न्यानेश. बाप ओरडतो, ऑपरेटर खोडतो, कंप्युटर पुन्हा तेच आणतो. तीन खेपा होतात. चौथ्या खेपेला ऑपरेटर दुसऱ्या कुठल्या तरी फाइलमधून एक तयार ज्ञ उचलून आणतो आणि तिथं चिकटवतो. तो प्रतिज्ञापत्रातला निघतो. पावती छापून हातात पडते, आजोबा ती चष्म्यापासून लांब धरून वाचतात, घडी करून टोपीत ठेवतात.

ऑपरेटर बाटलीतलं पाणी पितो आणि पुढच्याला बोलावतो. मागे उभ्या असलेल्या बाईच्या कडेवर ऋत्विजा आहे.